तिसऱ्या ओळीतला श्वास

धुलाईघरात तिला सगळ्याजणी घुमी म्हणत. ती मुकी नव्हती. बोलायची, पण नाटकभरात एकच वाक्य वाट्याला आलेल्या नटाने ते जपून ठेवावं, तसं. बाकीच्या बायका हौदावर वाकून नवऱ्यांची, सासवांची, शेजारणींची उणीदुणी काढत आणि ही खाली मान घालून कपडे चोळत असे. मधेच कुणीतरी म्हणे, "घुमे, तूही काहीतरी बोल की. जीभ गंजेल अशाने." त्यावर ती म्हणे, "साबण संपलाय." एवढंच. पण वेळ अशी साधलेली असायची की बायका हसून हसून बेजार होत.

धुलाईघरात येणारे निम्मे कपडे शेडमधल्या माणसांचे असत. गावाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण होती आणि खाणीच्या पायथ्याशी पत्र्याची लांबलचक शेड. तिथे दगड कापायचे, तासायचे, घासून गुळगुळीत करायचे. घरांच्या पायऱ्या, खिडक्यांखालच्या फरश्या, थडग्यांवरच्या शिळा, सगळं तिथेच घडायचं. शेडमधल्या माणसाचा सदरा पाण्यात बुडवला की पाणी दुधासारखं पांढरं होई, मग हळूहळू निवळे आणि तळाशी पिठीसारखा थर बसे. बोटांना मऊ लागे, दाताखाली आला तर करकरे. घुमी तो थर लहानपणापासून पाहत आली होती. आधी आईच्या शेजारी उभी राहून बापाच्या सदऱ्यातला. लग्नानंतर नवऱ्याच्या सदऱ्यातला. नवरा खाणीत दरडीखाली सापडून गेला, त्यानंतर लेकाच्या सदऱ्यातला. पाणी ओतून दिलं की थर गटाराला लागे. धूळ निघून गेली, असं तिला वाटे. सदऱ्याच्या आतल्या माणसाचं काय, हा प्रश्न तिला कितीतरी वर्षं पडलाच नाही. कुणालाच पडला नाही.

तिचा बाप शेडमधला जुना पाथरवट. सारं गाव त्याला दमदार म्हणे. नाव त्याने कमावलेलं होतं. शेडच्या एका टोकाला उभं राहून त्याने हाक मारली की दुसऱ्या टोकाचा हातोडा हवेतल्या हवेत थांबायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा बिघडला, तेव्हा मुकादमाने दमदारलाच दारात उभं केलं होतं. भोंगा दुरुस्त होऊन आला तर लोक म्हणाले, राहू द्या, याच्यापेक्षा दमदार बरा, याला वंगण लागत नाही.

पण दमदारचा खरा मान होता तो नाताळच्या आदल्या संध्याकाळी. त्या संध्याकाळी शेडमधली माणसं आंघोळ करून, केस चापून, रांगेने गावातल्या दारोदार गात फिरत. गाणं एकच. गावात ते पिढ्यानपिढ्या चालत आलेलं.

दार उघडा, दिवा लावा,
वारा आमच्या मागे आहे,
गोठ्यात निजल्या बाळाच्या उशाशी आज सारं आभाळ जागं आहे,
दार उघडा, दिवा लावा.

पहिल्या दोन ओळी कुणीही म्हणावं. तिसरी ओळ म्हणजे घाट होता. गोठ्यातून निघायचं ते थेट आभाळापर्यंत चढायचं, वाटेत टेकायचं नाही. एका श्वासात. ज्याला ती पेलेल तो म्होरक्या, अशी निवड ठरलेली. आणि म्होरक्या गाईल तसंच मागच्या रांगेने गायचं, हा नियम. सूर, हेल, थांबणं, सगळं त्याचं. गाणं कागदावर नव्हतंच, ते म्होरक्याच्या तोंडात होतं. दमदारच्या आधीचा म्होरक्या एका दारात पायरीवरून घसरला आणि गाता गाता "अरे देवा" म्हणाला. मागच्या रांगेने इमानदारीत, सुरात "अरे देवा" म्हटलं. त्या घरची म्हातारी पुढच्या वर्षी हटून बसली, गेल्या साली मधे देवाचं नाव होतं ते का गाळलं म्हणून.

बायका गात नसत. त्यांनी दारात दिवा धरून उभं राहायचं. असं का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

घुमी लहान असताना बाप तिला पाठीवर घेऊन गात फिरायचा. तिचा कान त्याच्या पाठीला चिकटलेला असे. तिसरी ओळ आली की ती पाठ भात्यासारखी फुगायची आणि मग सावकाश, सावकाश रिकामी होत जायची, अगदी शेवटच्या "आहे"पर्यंत. पोरीने ती ओळ अशी शिकून घेतली, बापाच्या बरगड्यांतून. कुणासमोर कधी म्हटली मात्र नाही.

दमदारचा दम गेला तो चोरपावलांनी. आधी तो जिन्यात थांबून बुटाची नाडी बांधू लागला, न सुटलेली. मग चढावर थांबून लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला, जो माणूस कधी हवापाण्यावर बोलला नव्हता. शेडच्या डॉक्टरने सांगितलं, थंडीचा खोकला आहे. थंडी गेली, खोकला राहिला. आणि एका नाताळला, पहिल्याच दारात, तिसऱ्या ओळीच्या मध्यावर "उशाशी" म्हणून झाल्यावर श्वास संपला. तिथून पुढे काही उरलंच नाही. म्हातारा मोठा कलावंत. कसलेल्या नटाने विसरलेलं वाक्य खोकल्याआड लपवावं तशी त्याने मान खाली घातली, जणू पाळण्यावर वाकून बाळाला पाहतोय. श्वास घेतला, मान वर केली आणि "आज सारं आभाळ" उचललं. मागची रांगही तिथेच थांबली आणि तिथूनच उठली. म्होरक्या गाईल तसं.

दिवा धरून दारात उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर शांतता त्या गाण्यात आहे, हे आजवर कसं लक्षात आलं नाही, असं लोक म्हणाले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर तर हरखून गेले. पुढच्या वर्षीही तिथेच थांबले, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ओळ आधी सलग होती हेच गाव विसरलं.

विसरली नाहीत ती दोघंच. एक म्हातारा, एक त्याची लेक.

आता म्हातारा खिडकीपाशी खुर्चीतच असायचा. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे, म्हणून झोपही खुर्चीतच. नाताळ जवळ आला तशी एका दुपारी त्याने लेकीला हाक मारली. हाक कसली, ओठ हलले.

"पोरी, एक काम आहे."

"पाणी हवंय?"

"पाणी नको. तालमीला जाऊन ये. गाण्याच्या." तो थांबला, श्वास गोळा केला. "त्यांना सांग, तिसरी ओळ मोडू नका. ती मोड गाण्याची नाही. माझी आहे."

"बाबा, तिथे बायका जात नाहीत."

"बायका गात नाहीत. सांगायला कोण अडवतंय." पुन्हा थांबला. "मी गेल्यावर माझे हातोडे नातवाला दे. खुर्ची कुणालाही दे. पण माझी धाप त्या गाण्यात ठेवू नकोस. मी थडग्यात, आणि गाव दरवर्षी दारोदार माझी धाप गात फिरणार. नको गं."

आयुष्यात त्याने लेकीपाशी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "जाते."

तालीम रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत चाले. लांब बाकं, कोपऱ्यात धुमसणारी शेगडी, भिंतीला टेकवलेल्या मोडक्या खुर्च्या आणि एक जुना ऑर्गन, ज्याचा एक सूर दाबला की दोन वाजत. घुमी दारात उभी राहिली तेव्हा मास्तर मंडळींना गोष्ट सांगत होते. मास्तरांना गोष्टींचा नाद होता.

"हे गाणं मुळात चर्चचं नाहीच," ते म्हणत होते. "नाताळची जुनी गाणी बहुतेक फेराची होती. लोक हात धरून रिंगण करायचे, मधला एकजण ओळ टाकायचा, बाकीचे नाचत ती उचलायचे. धर्मगुरूंना ते रुचेना. त्यांनी हाकललं, तर गाणं दारोदार फिरायला लागलं. मग कुणीतरी त्यात बाळ आणून ठेवलं, म्हणून पुन्हा आत घेतलं. 'दार उघडा' मात्र जुनंच राहिलं. थंडीत कुडकुडणाऱ्यांचं."

"म्हणजे आधी प्यायला मागत असणार," नाकाड्या म्हणाला. हा शेडमध्ये घासकाम करायचा, नाक मोठं आणि तोंड त्याहून मोठं. "आम्ही अजून मागतो, कुणी देत नाही."

"आणि सुरुवातीला आपण तोंड मिटून गुणगुणतो, ते का ठाऊक आहे? आपल्या इथले म्हातारे सांगायचे, मधे एकदा सणच बंद केला होता. गाताना सापडलं तर कोठडी. तेव्हा लोक खिडक्या लावून मिटल्या ओठांनी गायले. बंदी उठली, गुणगुणणं राहून गेलं." मास्तरांनी ऑर्गनवर हात ठेवला. "गाणं ज्या ज्या तोंडातून जातं, त्या तोंडाच्या दातांच्या खुणा त्यावर राहतात."

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. सगळ्यांचंच गेलं.

"घुमे, सदऱ्यांचं काही राहिलं का?" नाकाड्या म्हणाला. "की साबण संपला?"

सगळे हसले. रांगेच्या टोकाला तिचा लेक उभा होता, तोही ओशाळून हसला. यंदा म्होरक्या तोच होता. दमदारचा नातू, आवाज आजोबाच्याच घाटाचा, म्हणून त्याला पुढे केलं होतं. कसोटी कुणी घेतली नव्हती. ओळ मोडल्यापासून कसोटी उरलीच नव्हती.

घुमीने निरोप सांगितला. सरळ, जसा दिला होता तसा. ती मोड बाबांच्या धापेची आहे, गाण्याची नाही, ओळ सलग आहे, त्यांची इच्छा आहे की तशीच गावी. मास्तरांनी चष्मा काढला. ओळीतल्या त्या शांततेवर ते दोन प्रवचनं ऐकवून बसले होते. पण माणूस भला, म्हणाले, "म्हाताऱ्याची इच्छा आहे, तर सलग गाऊ. चला."

गायले. "गोठ्यात निजल्या बाळाच्या उशाशी" झालं आणि रांग थांबली. पुढे आभाळावर पोचले ते शेडबाहेरचे दोघंच, स्वतः मास्तर आणि बेकरीवाला.

"सवय आहे," कुणीतरी म्हणालं.

"बेकरीवाल्याच्या पोटात खमीर आहे," नाकाड्या म्हणाला. "तो फुगतच जातो."

पुन्हा हशा. पुन्हा गायले. पुन्हा तेच दोघं वर, बाकीचे पायथ्याशी. या खेपेला हशा झाला नाही. मास्तर म्हणाले, "मुद्दाम थांबू नका रे. ओढा पुढे." तिसऱ्यांदा सगळ्यांनी जिवाच्या आकांताने ओढलं. घुमी दारातून फक्त लेकाकडे पाहत होती. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा लाल झाला, ओठ "आज"साठी उघडलेही, आणि त्यातून नुसता वारा आला. तो आजोबाची नक्कल करत नव्हता. रांगेतलं कुणीच करत नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की आपण म्होरक्याच्या मागे जातोय.

शेडमधला एकेकजण जमिनीकडे पाहू लागला. कुणी कुणाकडे पाहीना. एक खोकला, मग त्याला उत्तर दिल्यासारखा दुसरा.

"थंडी आहे आज," नाकाड्या म्हणाला.

"हो. थंडीच."

मास्तरांनी ऑर्गनचं झाकण हळूच लावलं. "राहू द्या," ते म्हणाले. "आहे तसंच गाऊ."

परतताना मायलेक बरोबर चालली. चढ आला तसा लेक रेंगाळला, वाकला.

"कधीपासून?" घुमीने विचारलं.

"काय कधीपासून?"

"जिन्यात थांबतोस. आता इथे थांबलास."

"नाडी सुटते गं."

"तुझ्या बुटांना नाडी नाही."

त्याने खाली पाहिलं. खरंच नव्हती. दोघंही हसली असती, दुसरा एखादा दिवस असता तर.

"शेड सोड," ती म्हणाली.

"आणि काय करू? पाव भाजू?"

"भाज."

"मला दगड येतो, आई. दुसरं काय येतं मला." मग रस्त्याच्या कडेला उभा राहून तो अगदी लहान मुलासारखा म्हणाला, "आजोबांना सांगू नकोस. हात धरून त्यांनीच नेलं मला शेडमध्ये. मुकादमापाशी भांडून जागा मिळवून दिली. ते खिडकीतून मला कामावर जाताना बघतात ना, तेव्हा हात वर करतात. त्यांना कळता कामा नये."

घरी म्हातारा वाट पाहत होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"गातील?"

"गातील."

"सलग?"

"सलग, बाबा."

त्याने डोळे मिटले. "आपल्या दाराशी येतील तेव्हा ऐकेनच मी."

ऐकणार होता, हीच तर अडचण होती. ओळ मोडली की तो विचारणार, का मोडली. आणि दमदारला खोटं कारण पटणार नव्हतं. सबंध शेडला ती ओळ पेलत नाही, याचा अर्थ त्या माणसाला समजावून सांगावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात वाफ नेहमीसारखी छताला लागली होती. घुमीने हौदातलं पाणी ओतून दिलं, पण थर गटारात जाऊ दिला नाही. हाताने निपटून काढला आणि ओंजळ तशीच धरून बायकांच्या मधे उभी राहिली.

"तिसरी ओळ कुणाकुणाला येते?" तिने विचारलं.

चोळणं थांबलं. घुमी प्रश्न विचारतेय, हेच आधी कुणाला उमजेना.

"बायका गात नाहीत," सगळ्यांत वयस्कर मोठीबाई म्हणाली. हिचे दोन मुलगे शेडमध्ये होते.

"येते का, ते विचारलं."

"आयुष्यभर दिवा धरून ऐकलीय. येणारच."

मग घुमी बोलली. त्या दिवशी ती जेवढं बोलली तेवढं तिच्या लग्नातही बोलली नव्हती. तालमीत काय झालं ते सांगितलं, कोण कुठे थांबलं ते सांगितलं. नावं घ्यायची गरज पडली नाही. प्रत्येकीला आपल्या घरातला जिना आठवत होता. शेवटी ओंजळ पुढे करून म्हणाली, "हे सदऱ्यातलं. आतलं कुणी धुवायचं?"

मोठीबाईने आपले ओले हात पदराला पुसले, बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "कुठून उचलायचं, ते सांग."

वाफेत, थापटण्याच्या आवाजाखाली, बायकांनी ती ओळ बसवली. पुरुषांचा आवाज मावळायच्या आधी, "बाळाच्या"वर, हलकेच शिरायचं. त्यांचा श्वास तुटेल तिथे आपण तुटायचं नाही. त्यांना पुन्हा आवाज फुटला की आपण मागे सरायचं. विंगेतून वाक्य पुरवणारा माणूस जसा असतो, असून नसलेला, तसं. कुणाला कळता कामा नये.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी उजेड विझता विझता रांग घुमीच्या दाराशी आली. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती, म्हाताऱ्याच्या खांद्यांवर दोन शाली होत्या. घुमी दिवा धरून उंबऱ्यात उभी राहिली. उजेड रांगेच्या पुढच्या माणसांवर पडत होता. त्यांच्या मागे, अंधारात, डोक्यांवरून पदर ओढलेल्या बायका होत्या.

मिटल्या ओठांचं गुणगुणणं सुरू झालं. म्हाताऱ्याचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागलं. दार उघडा. वारा मागे आहे. मग लेकाने तिसरी ओळ उचलली, रांगेने उचलली. "गोठ्यात निजल्या बाळाच्या" इथे मागून काहीतरी येऊन मिसळलं, गार पाण्यात ऊन पाणी मिसळावं तसं. घुमीचेही ओठ हलत होते. "उशाशी" आलं. पुढचे सगळे थांबले, सगळ्यांच्या छात्या एकदम वर आल्या, आणि ओळ थांबली नाही. त्यांच्या डोक्यांवरून ती पुढे गेली, कितीतरी वर्षांनी सलग, आज सारं आभाळ, आणि मग पुरुष तिच्यात परत आले.

म्हाताऱ्याचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

रांग पुढच्या दाराकडे निघाली. घुमीने दार लावलं.

"छान झालं," तो म्हणाला.

"हो."

"बायका कुणाकुणाच्या होत्या?"

घुमी दिव्याची वात सारखी करू लागली.

"दगडात जन्म गेला, पण माझे कान दगडाचे झाले नाहीत, पोरी. चांगल्या गायल्या. रागावलो नाही मी." बाहेर शेजारच्या दारात गुणगुणणं सुरू झालं होतं. ते तो ऐकत राहिला. "म्होरक्या कुठे थांबला?"

"थांबला नाही, बाबा."

"त्याला मी मांडीवर घेऊन गायला शिकवलंय. त्याचा आवाज हजारांत ओळखेन. उशाशी थांबला." त्याने श्वास गोळा केला. "मीही तिथेच थांबलो होतो. पण मी तेव्हा म्हातारा झालो होतो."

घुमी बापाच्या पायाशी बसली. शेजारच्या दारात तिसरी ओळ आली, गेली. तो पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिला.

"ते हातोडे," तो म्हणाला. "त्याला देऊ नकोस."

त्यानंतर त्याने गाण्याचा विषय काढला नाही. नातू कामावर निघाला की खिडकीतून वर जाणारा हात मात्र जाईना. नातवाला वाटलं, ताकद राहिली नाही. थंडी सरायच्या आत म्हातारा खुर्चीतच गेला, बसल्या बसल्या. शेडमधल्यांनी त्याची शिळा घडवली, घासून आरशासारखी केली, आणि ती घासताना धुळीने माखलेले सदरे धुवायला घुमीकडे आले.

हातोडे धुलाईघरात आहेत. हौदाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवतात.

लेकाने आजोबाच्या शिळेनंतर शेड सोडली. मास्तरांनी खटपट करून त्याला शाळेच्या फाटकावर लावलं. पण सदऱ्यातली धूळ निघते तशी छातीतली निघत नाही. फाटक उघडायला तो खुर्चीवरून उठे, मग फाटक ओढायला दम लागे, मग मुलंच फाटक उघडून त्याला नमस्कार करून आत जाऊ लागली. म्होरक्या मात्र तोच राहिला. त्याच्याइतका गोड आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि त्याच्याहून लांब श्वास असलेला शेडवाल्यांत उरलाच कोण होता. नाकाड्या गेला. मोठीबाईचा थोरला गेला. रांग पुढून आखूड होत गेली आणि मागून लांब. बायका आता अंधारात उभ्या राहत नाहीत. पहिल्या वर्षी त्या "बाळाच्या"वर शिरल्या होत्या, मग "निजल्या"वर शिराव्या लागल्या, मग "गोठ्यात"पासूनच.

मास्तरांनी अखेर गाणं कागदावर उतरवलं, बायकांच्या ओळीसकट. मोठ्या शहरातून जुनी गाणी गोळा करणारे एक विद्वान आले होते. ऐकून त्यांचे डोळे भरले. पुरुषांचं मावळणं आणि बायकांचं उगवणं, केवढी कल्पना, म्हणाले, कुणी रचलं असेल? मास्तरांनी घुमीकडे पाहिलं. ती म्हणाली, "धुलाईघरात झालं." विद्वानांनी ते टिपून घेतलं. म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

आता तिसरी ओळ सबंध बायकांची आहे. घुमी पुढे असते. तिच्या शेजारी, काठीवर दोन्ही हात ठेवून, तिचा लेक उभा असतो. पहिल्या दोन ओळी तो नुसते ओठ हलवतो, शिल्लक जपत. त्याच्या वाट्याला शेवटचे दोनच शब्द ठेवलेत, "जागं आहे." गोठ्यातून निघालेली आई घाट चढत चढत आभाळावर पोचते आणि तिथे थांबून राहते. "आभाळ" ती ओढत राहते, सूर न हलवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्या छातीकडे पाहत. छाती भरायला वेळ लागतो. दर वर्षी थोडा जास्त. मागच्या बायकांनाही ते आता पाठ झालंय, त्याही आभाळ धरून ठेवतात. गावातल्या लहान मुली परसात खेळताना ते गाणं म्हणतात, तेव्हा त्याही "आभाळ" तेवढंच लांब ओढतात आणि चेहरे लाल होईपर्यंत सोडत नाहीत. ते तसंच असतं, असं त्यांना वाटतं.